45 अंशांच्या उन्हात ग्राफिक्स कार्ड

ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकात गेमची चित्रं तयार करणारा भाग. त्याच्या चाचण्या बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या एसी खोलीत होतात. व्हिडिओत 'गेम चालू असताना 68 अंश' असा आकडा झळकतो, तो त्या खोलीतला. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि टिनाच्या खोलीत दुपारी चाळीस अंश सहज भरतात. कार्डावरचा हीटसिंक, म्हणजे धातूच्या पात्यांचा ठोकळा, चिपची उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच सोडतो. ती हवा पंधरा अंशांनी जास्त तापलेली असली, की तेवढ्याच वॅटला चिपही साधारण पंधरा अंशांनी जास्त तापते. 68 चे झाले 83.

इथे कार्ड जळत नाही, ते स्वतःला आवरतं. कार्डांच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने 2012 मध्ये जीटीएक्स 680 या कार्डासोबत 'जीपीयू बूस्ट' आणलं. तेव्हापासून चिप तापमान, वॅट आणि व्होल्टेज पाहून आपला वेग स्वतःच वरखाली करते. थंड असली की चढते, तापली की पायरी पायरीने उतरते. म्हणून पुण्यातल्या मित्राचं आणि तुमचं कार्ड अगदी एकच असलं, तरी मे महिन्यात तुमचं मागे पडणार.

त्यामुळे आपल्याकडे कार्ड निवडताना सगळ्यात आधी वॅट बघावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स 4090 ला 450 वॅट लागतात, 5090 ला 575, 5080 ला 360, 5070 ला 250. हे सगळे वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरतात. दहा बाय दहाच्या खोलीत 5090 चालवणं म्हणजे मे महिन्यात पायाशी शेगडी पेटवून बसणं. दुसरी कंपनी एएमडी, तिच्या आरएक्स 9070 आणि 9070 एक्सटीची तुलना मला फार बोलकी वाटते. दोघांनाही 16 जीबी मेमरी आहे, वेगातला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास, पण एकाला 220 वॅट आणि दुसऱ्याला 304. गावात राहणाऱ्याने डोळे मिटून 220 वालं घ्यावं.

मॉनिटरचाही हिशोब धरा. 1080पी पडद्यावर 20.7 लाख पिक्सेल असतात, 1440पी वर 36.9 लाख, 4के वर 82.9 लाख. कार्डाला दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, एवढे ठिपके रंगवायचे असतात. 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं दाखवणारा, 1080पी मॉनिटर ठेवून वर लाखाचं कार्ड बसवलं, तर बहुतेक ताकद कधी पडद्यावर दिसतच नाही. कार्डाच्या मेमरीत मात्र कंजूषी नको. बऱ्याच नव्या गेममध्ये 8 जीबी अपुरी पडते आणि मग फ्रेमचा सरासरी आकडा चांगला दिसूनही खेळताना झटके बसतात.

आता लाइनचं. संध्याकाळी मोटारपंप सुरू झाले की डीपीवर भार येतो आणि घरातला 230 चा व्होल्टेज 170-180 पर्यंत घसरतो. चांगला एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) तेवढ्यावरही चालतो, पण त्याला लागणारी शक्ती तेवढीच राहते. व्होल्टेज कमी मिळालं तर तो प्रवाह जास्त ओढतो. 500 वॅटच्या संगणकाला 230 व्होल्टला सुमारे 2.2 अँपिअर लागतात, 170 ला 2.9. तारेत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे पावणेदोन पटीहून जास्त. जुन्या घरातला ढिला प्लग पॉइंट काळा पडतो तो याच कारणाने. महागड्या कार्डाआधी एक जाड तारेची वेगळी लाइन आणि नीट अर्थिंग करून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकायला विसरू नका, कोरड्या मातीतून प्रवाह जमिनीत उतरत नाही.

यूपीएसबाबत हमखास फसगत होते. बाजारात मिळणारा 600 व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण 360 वॅटच देतो. त्यावर 250 वॅटचं कार्ड, शंभरेक वॅटचा प्रोसेसर आणि वर मॉनिटर टाकला, की लाइन जाताक्षणी यूपीएस टीं टीं करून बंद. शिवाय कार्ड क्षणभरासाठी ठरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतं. म्हणूनच 2022 च्या एटीएक्स 3.0 मानकात एसएमपीएसने 100 मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसावा अशी अट आहे. हे मानक पाळणारा एसएमपीएसच घ्या.

चिपला कंपनीने ठरवलेल्या वेगापुढे पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. त्यामागचं गणित सोपं आणि सुंदर आहे. चिप खात असलेली वीज तिच्या वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या पटीत. वेग 5 टक्क्यांनी वाढवायला व्होल्टेजही 5 टक्क्यांनी वाढवावं लागलं, तर वीज जवळजवळ 16 टक्क्यांनी वाढते. त्या बदल्यात सेकंदाला 60 फ्रेमच्या जागी जेमतेम 63 मिळतात, आणि आपल्या उन्हात त्याही टिकत नाहीत, कारण वाढलेल्या उष्णतेने बूस्ट खाली येतो.

हेच गणित उलटं फिरवा. वेग तोच ठेवून व्होल्टेज 1050 मिलिव्होल्टवरून 950 वर आणलं, तर चिपचा वीजवापर सुमारे 18 टक्क्यांनी उतरतो. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. कंपन्या हजारो चिप्सपैकी सगळ्यात कमकुवत चिपही चालावी म्हणून व्होल्टेज हात राखून जास्त ठेवतात, त्यामुळे बहुतेक कार्डांत ही जागा शिल्लक असते. एनव्हिडियाचं कार्ड असेल, तर एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर उघडा, कंट्रोल आणि एफ दाबा. व्होल्टेज आणि वेगाचा आलेख दिसेल. 950 च्या ठिपक्याला तुमच्या कार्डाच्या नेहमीच्या वेगापर्यंत उचला आणि त्यापुढची रेषा सपाट करा. मग तुमचा सगळ्यात जड गेम तासभर खेळा. पडदा गोठला किंवा गेम बंद पडला, तर 25 मिलिव्होल्ट वाढवून पुन्हा. तापलेलं कार्ड कमी वॅटमध्ये गार राहिलं की बूस्ट टिकतो, आणि दुपारच्या वेळी असं कार्ड ओव्हरक्लॉक केलेल्या कार्डाच्या पुढे जाऊ शकतं.

तरीही वेग चढवायचाच असेल, तर मेमरीकडून सावध राहा. एनव्हिडियाच्या काही कार्डांवरची जीडीडीआर6एक्स मेमरी चूक झाली की तोच डेटा पुन्हा पाठवते. त्यामुळे जास्त ताणल्यावर गेम सहसा लगेच बंद पडत नाही, फक्त फ्रेम हळूच कमी होतात. प्रत्येक पायरीवर फ्रेम मोजा, वाढायच्या थांबल्या की दोन पायऱ्या मागे या. आणि डिसेंबरच्या रात्री जुळवलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्यांनी वाढतो, ट्रान्झिस्टरमधून गळणारा प्रवाहही उष्णतेबरोबर वाढतो. थंडीत ठणठणीत चाललेली सेटिंग एप्रिलमध्ये कोसळते. पक्की चाचणी भर दुपारी घ्यावी.

कापसाचं वेगळं सांगायला हवं. भाव वाढेल या आशेने दिवाळीनंतर आपल्याकडे घराघरांत कापसाची गंजी लागते, आणि बरेचदा संगणकही त्याच खोलीत असतो. दारव्ह्याकडच्या एका घरी मी कार्डाचे पंखे उतरवले, तर पंखे आणि हीटसिंकच्या पात्यांच्या मध्ये राखाडी वाकळ तयार झाली होती, बोटाने सोलून अख्खी निघाली. त्यात तुरीच्या कुटाराचे बारीक तुकडे अडकलेले. पंखे पूर्ण वेगाने फिरत होते, पण हवा पात्यांपर्यंत पोचतच नव्हती. सोयाबीन आणि तुरीची मळणी आटोपली की ब्लोअर मारा, मात्र पंख्याचं पातं बोटाने धरून, नाहीतर ते भरमसाट फिरून बेअरिंग जातं.

कूलरच्या दमट हवेला लोक घाबरतात, ते बहुतांशी विनाकारण. पाणी हवेपेक्षा गार वस्तूवर जमतं, आणि चालू कार्ड हवेपेक्षा कायम गरम असतं. उलट कूलरने खोली आठ-दहा अंशांनी उतरली तर कार्डाचं भलंच होतं. खरा धोका कूलरच्या गवतातून उडणाऱ्या थेंबांचा. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारट असतं. थेंब वाळला की मीठ बोर्डावर राहतं, पावसाळी हवेतला ओलावा धरतं आणि दोन सांध्यांमध्ये प्रवाहाला वाट करून देतं. कूलर संगणकाच्या तोंडावर न ठेवता बाजूला, पाच-सहा फुटांवर ठेवा, आणि टाकीत शक्यतो नळाचं गोडं पाणी भरा.