दिवे लागतात, मग सेल्फ का लागत नाही?

चावी फिरवली, डॅशबोर्ड उजळला आणि पुढे नुसतं 'टक्'. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, "दिवे लागतायत ना? मग बॅटरी ठीक आहे." चूक इथेच होते. या दिव्यांचं भागतं एखाद-दोन अँपिअरवर. छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर, म्हणजेच सेल्फ, इंजिन फिरवतानासुद्धा शंभराच्या घरात अँपिअर ओढतो. ठिबकणाऱ्या नळाखाली तांब्या भरला, म्हणून त्यावर ऊस भिजत नाही.

आता शाळेतला ओहमचा नियम काढू. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड साठून 0.05 ओहम इतकाच रोध आला असं समजा. दिव्यांच्या 2 अँपिअरला तिथे 0.1 व्होल्ट खर्ची पडतो, कळतही नाही. स्टार्टरने 100 अँपिअर मागितले तर मात्र 12 पैकी 5 व्होल्ट वाटेतच गडप. (खरं तर मग तेवढा प्रवाह वाहूच शकत नाही, म्हणूनच सेल्फ ढिम्म.)

'टकटकटक' असा सलग आवाज आला तर गोष्ट वेगळी. स्टार्टरवरचा सोलेनॉइड (त्याला वीज जोडणारा चुंबकी स्विच) आत ओढला जातो, भार पडताच बॅटरीचं व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज सावरतं, पुन्हा तेच. हा बहुधा उतरलेल्या बॅटरीचा आवाज. त्याच वेळी एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग असे सगळे इशारे पेटले तर घाबरू नका. व्होल्टेज पडलं की ते कंट्रोलर गोंधळतात. इंजिन जोमात फिरतंय पण पेटत नाही आणि चावीचं चिन्ह लुकलुकतंय, तर मात्र संशय इमोबिलायझरवर, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू न होऊ देणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेवर.

मल्टिमीटरवर थांबलेल्या गाडीची भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, अर्धी 12.2. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरं तिच्यावरच्या वायरच्या क्लॅम्पवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. धातूला धातू चिकटलेला, म्हणजे आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला की चोर सापडला. निगेटिव्ह खुंटी ते इंजिन असंही मोजा. अर्थिंगची पट्टी (निगेटिव्ह बाजू इंजिन-बॉडीला जोडणारी) सैल असेल तर तिथे कळतं, आणि लोक तोवर नवी बॅटरी घेऊन आलेले असतात!

क्लॅम्प घासायला काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकतो आणि ठिणगी उडते.