फ्रेंच नियमित क्रियापद : रूपे आणि काळ

संस्कृतच्या तासाला ‘गम् धातू चालवा’ असे सांगतात, त्याच अर्थाने फ्रेंच क्रियापदही चालवायचे असते. मूळ धातूला पुरुष, वचन आणि काळ यांनुसार प्रत्यय लावत जायचे. फ्रेंच व्याकरणात क्रियापदांचे तीन गट मानतात. मूळ रूपाच्या शेवटी ई-आर ही अक्षरे असलेला पहिला गट सर्वांत मोठा आहे. सुमारे ९० टक्के क्रियापदे त्यात मोडतात. ‘आले’ (जाणे) हा त्यातून वगळावा लागणारा ठळक अपवाद. ‘फिनीर’ (संपवणे) सारखी तीनशेच्या आसपास क्रियापदे दुसऱ्या गटात येतात आणि उरलेली, बहुतेक अनियमित, तिसऱ्यात. भाषेत नवे क्रियापद आले की ते जवळजवळ नेहमी पहिल्या गटातच जाते. ‘तेलेफोने’ (फोन करणे) तसेच आले. म्हणून या गटातले एक क्रियापद नीट चालवता आले की हजारो क्रियापदे हाताशी येतात.

‘पार्ले’ म्हणजे बोलणे. वर्तमानकाळात कागदावर त्याची पाच वेगळी रूपे दिसतात, कानाला मात्र तीनच ऐकू येतात. झ पार्ल (मी), त्यू पार्ल (तू), इल पार्ल (तो) आणि इल पार्ल (ते) यांचा उच्चार अगदी एकच. ‘तू’च्या रूपाला शेवटी एस लागतो, ‘ते’च्या रूपाला ई-एन-टी, पण ही अक्षरे मुकी असतात. वेगळी ऐकू येतात ती नू पार्लों (आम्ही) आणि व्हू पार्ले (तुम्ही). ‘व्हू’ आपल्या ‘तुम्ही’सारखाच अनेकांसाठीही आणि आदरार्थी एकासाठीही चालतो, त्यामुळे मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. रोजच्या बोलण्यात ‘नू’ऐवजी ‘ओं’ हे सर्वनाम सर्रास येते आणि त्याला एकवचनी ‘पार्ल’च लागते. नुसते तक्ते पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याचे फ्रेंच ऐकताना अडते, ते बरेचसे यामुळेच.

‘नू’च्या रूपातला शेवटचा प्रत्यय काढला की अपूर्ण भूतकाळाचे अंग (ज्याला प्रत्यय लागतात तो भाग) मिळते : झ पार्लॅ, नू पार्ल्यों. ‘मी बोलत होतो’ आणि ‘मी बोलत असे’ हे दोन्ही अर्थ या एकाच रूपात मावतात. भविष्यकाळात प्रत्यय मूळ रूपालाच जोडतात : झ पार्लरे, इल पार्लरा. हे प्रत्यय म्हणजे ‘आव्हुआर’ (जवळ असणे) या क्रियापदाच्याच वर्तमानकाळी रूपांचे अवशेष आहेत. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘मला बोलायचे आहे’ अशा धर्तीची जोडरचना होती, तिचे दोन शब्द पुढे एकजीव झाले. भविष्यकाळाच्या अंगाला अपूर्ण भूतकाळाचे प्रत्यय लावले की संकेतार्थ तयार होतो, म्हणजे ‘बोललो असतो’च्या जवळचे ‘बोलेन, पण…’ असे रूप.

संयुक्त भूतकाळाचे मराठीशी असलेले साम्य विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. ‘झे पार्ले’ (मी बोललो) यात ‘आव्हुआर’ सहायक असते आणि ‘पार्ले’ हे भूतकालवाचक धातुसाधित. येणे, जाणे, जन्मणे, मरणे अशा काही मोजक्या क्रियापदांना मात्र ‘एत्र’ (असणे) हे सहायक लागते, आणि मग धातुसाधित कर्त्याचे लिंग-वचन घेते. ‘एल ए आरिव्हे’ म्हणजे तंतोतंत ‘ती आली आहे’. लिहिताना शेवटी एक जादा ई येतो, तो तिच्या स्त्रीलिंगाचा. ‘आव्हुआर’बरोबर धातुसाधित एरवी बदलत नाही, पण कर्म आधी आले तर ते कर्माप्रमाणे बदलते. ‘मी गायलेले गीत’ असे म्हणताना, ‘शाँसों’ (गीत) स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘शाँते’ला (गायलेले) स्त्रीलिंगी ई लागतो. आपल्या ‘मी लावणी गायली’ची इथे आठवण व्हावी. फ्रेंचमध्ये या नियमाचा पुरस्कार सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने केला, आणि आजही फ्रेंच मुले त्यात चुकतात.

साधा भूतकाळ (इल पार्ला) बोलण्यातून गेला आहे. तो कथा-कादंबऱ्यांत आणि इतिहासलेखनात भेटतो. इच्छा, शंका, गरज दाखवणाऱ्या वाक्यांनंतरच्या संभावनार्थाची एकवचनी रूपे या गटात वर्तमानकाळासारखीच असतात.

लेखनात थोडे फेरफार होतात, ते उच्चार टिकवण्यासाठी. ‘माँझे’ (खाणे) चे ‘माँझों’ करताना जी या अक्षरानंतर एक ई घालतात, नाहीतर ‘माँगों’ वाचले जाईल. श्रुतलेखनात खरी अडचण वेगळीच असते : मूळ रूप ‘पार्ले’, धातुसाधित ‘पार्ले’ आणि ‘व्हू पार्ले’ ही तिन्ही सारखीच ऐकू येतात, लिहायची मात्र तीन प्रकारे. फ्रान्समधले शिक्षक यावर एक युक्ती शिकवतात. त्या जागी तिसऱ्या गटातले ‘व्हाँद्र’ (विकणे) ठेवून पाहायचे. वाक्यात ‘व्हाँद्र’ बसले तर मूळ रूप लिहायचे, ‘व्हाँद्यू’ बसले तर धातुसाधित.