अबेनी, सलावा

(५ मे १९६१ – ). नायजेरियातील योरुबाभाषक गायिका. ‘वाका’ या मुस्लिम योरुबा स्त्रियांच्या गानप्रकारातील सर्वाधिक ख्यातनाम कलावंत. कुटुंब इजेबू या योरुबा उपसमूहातील. वाका घरगुती धार्मिक प्रसंगांतून काढून जाहीर मैफलींत आणि मेजवान्यांत नेणाऱ्या बाटिली अलाके (मृ. २०१३) याही इजेबूच होत. वाकाची पहिली ध्वनिमुद्रिका सामान्यतः त्यांच्याच नावे सांगितली जाते.

वाकाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार हा प्रकार नावासकट उत्तर नायजेरियातील हौसा प्रदेशातून, धर्मोपदेशकांबरोबर इलोरिन या योरुबा प्रदेशाच्या उत्तरेकडील शहरामार्गे दक्षिणेत उतरला. इलोरिन एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फुलानी (उत्तरेकडील मुस्लिम समूह) अमिरातीत गेले आणि तेथे मौलवींनी रचलेल्या उपदेशपर पद्यांनाही वाकाच म्हणतात, हा या मताचा मुख्य आधार. दुसऱ्या मतानुसार लग्न-बारशाची स्त्रीगीते योरुबांत आधीपासून होतीच. इजेबू भागात साधारणतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इस्लाम रुजल्यावर त्यांत कुराणपठणाची पूर्तता, रमजान, हजहून परतणाऱ्यांचे स्वागत हे विषय शिरले. नाव उत्तरेचे आणि गाण्याचा सांगाडा दक्षिणेचा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कारण योरुबा स्वराघाती भाषा आहे. तिच्यात उच्च, मध्यम व नीच असे तीन स्तर असून ‘ओको’ हा एकच उच्चार शेवटच्या अक्षराच्या स्तरानुसार नवरा, कुदळ किंवा वाहन ठरतो. चाल शब्दाच्या चढउताराविरुद्ध गेली तर अर्थ बिघडतो, म्हणून परकी चाल जशीच्या तशी उचलता येत नाही.

जुन्या वाकाला साथ टाळ्यांची आणि धातूच्या पातळ चकत्यांची. ढोल-वाद्ये नंतर आली. त्यांपैकी साकारा म्हणजे भाजलेल्या मातीच्या उथळ कड्यावर बकऱ्याचे कातडे ताणून भोवती खुंट्या ठोकलेले वाद्य. एका हातात ते धरून त्याच हाताच्या बोटांनी कातडे दाबत स्वर बदलायचा आणि दुसऱ्या हातातील काठीने वाजवायचे. दमट हवेत कातडे सैलावते, खुंट्या पुन्हा ठोकाव्या लागतात. जोर जास्त झाला तर कडेच तडकते. दोऱ्या आवळून स्वर चढवला जाणारा ‘बोलता ढोल’ तर गायिकेचे शब्दच वाजवून दाखवतो. त्याचा स्वर उतरला की ‘बोलणे’ अस्पष्ट होते.

अबेनी यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९७६ मध्ये लीडर रेकॉर्ड्सने काढली. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला लेगॉसमध्ये हत्या झालेले राष्ट्रप्रमुख जनरल मुर्तला मुहम्मद यांना ती श्रद्धांजली होती. योरुबा गायिकेच्या मुद्रिकेच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपण्याची ही पहिलीच वेळ, असे म्हटले जाते. मात्र त्या काळी बनावट प्रतींचा सुळसुळाट असल्याने अशा आकड्यांकडे सावधपणेच पाहावे. पुढील दशकभरातील मुद्रिकांचे विषय वर्तमानपत्रासारखे आहेत: फुटबॉल संघ, मोटार अपघात, अपाला (योरुबा मुस्लिमांचा एक संगीतप्रकार) गायक हारुना इशोला यांचे निधन. १९८४ च्या एका मुद्रिकेचे नाव ‘इंडियन वाका’ असे आहे.

लीडर रेकॉर्ड्सचे मालक लतीफ अडेपोजू यांच्याशी असलेले नाते १९८६ मध्ये संपल्यावर अबेनींनी ती कंपनी सोडली. त्यानंतर फुजी (योरुबा मुस्लिमांचा ढोलप्रधान संगीतप्रकार) गायक कोलिंग्टन आयिनला यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १९९४ पर्यंत त्यांच्याच कंपनीसाठी त्या गायल्या. फुजीचा दणकट ठेका अबेनींच्या वाकात ठळक ऐकू येतो. बाटिली अलाके यांचे गायन त्यामानाने संथ. १९९२ मध्ये ओयोचे अलाफिन (राजे) लमिदी अडेयेमी तिसरे यांनी अबेनींना ‘वाकाची राणी’ हा किताब दिला.

मेजवानीतील गायन हा या कलेचा आर्थिक कणा. यजमानाने ठरवलेल्या रकमेपेक्षा पाहुणे नाचत येऊन गायिकेच्या कपाळावर चिकटवतात त्या नोटांची मिळकत कित्येकदा मोठी असते. खाली पडणाऱ्या नोटा साथीदार पिशवीत गोळा करतात. स्तुतीचा क्रम नेमका लागतो: नाव, किताब, कुळाची ‘ओरिकी’ (स्तुतिपदे), मग गाव. ‘अल्हाजी’ (हज केलेल्याची उपाधी) राहून गेले किंवा धाकट्याचे नाव वडीलधाऱ्याआधी घेतले, तर नोटा थांबतात. नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या २००७ च्या कायद्यातील कलम २१ नुसार अशी नोटांची उधळण गुन्हा असून त्यासाठी किमान सहा महिने कैद, किमान ५०,००० नायरा दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.