हगेबल (अस्वलरूपी यंत्रमानव)

हगेबल हा रुग्णालयात दाखल झालेल्या लहान मुलांच्या सोबतीसाठी बनवलेला, निळ्या अस्वलाच्या रूपातला सामाजिक यंत्रमानव आहे. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या मीडिया लॅब या प्रयोगशाळेत यंत्रमानव-संशोधक सिंथिया ब्रझील यांच्या गटाने तो घडवला. बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटल आणि नॉर्थईस्टर्न विद्यापीठ यांच्या सहकार्याने मुलांच्या वॉर्डात त्याची चाचणी झाली. तो औषध देत नाही की ताप मोजत नाही. मुलाशी बोलणे, खेळणे, गाणी म्हणणे एवढेच त्याचे काम, आणि आजारी मुलाच्या दिवसात ते मोठे आहे.

अशा मुलाचे घर, शाळा, सवंगडी एकदम सुटतात. दार उघडले की आत येणारा सुई टोचणार की नुसते विचारपूस करून जाणार, हे त्याला कळत नाही. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत खेळातून मुलांना धीर देणारे, तपासण्यांसाठी त्यांची मनाची तयारी करून घेणारे खास प्रशिक्षित कर्मचारी असतात. पण प्रत्येक खाटेपाशी दिवसभर बसणे त्यांना शक्य नसते. हगेबलची कल्पना या उणिवेतून पुढे आली.

अस्वलाच्या चेहऱ्यात स्मार्टफोन बसवलेला असून त्याच्या पडद्यावर डोळे दिसतात. डोके आणि हात हलतात. चाचणीत त्याच्यामागे माणूसच होता. मुलाच्या नजरेआड बसलेला प्रशिक्षित कर्मचारी त्याच्या हालचाली चालवी आणि त्याच्या तोंडून बोले. आवाज तेवढा बदललेला असे. हे यंत्र माणसाची जागा घेते, अशी समजूत करून घेणे म्हणूनच चुकीचे आहे.

‘पीडियाट्रिक्स’ या बालवैद्यकाच्या नियतकालिकात 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 3 ते 10 वर्षे वयाची 54 मुले होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची तीन गटांत विभागणी केली: काहींना हगेबल मिळाला, काहींना टॅब्लेटच्या पडद्यावरचे तेच अस्वल, तर काहींना साधे मऊ टेडी. या अभ्यासाचे खरे मोल या तुलनेत आहे. पडद्यावरचे अस्वलही बोलत होते, तरी हगेबलशी खेळलेली मुले अधिक आनंदी दिसली; साध्या टेडीच्या मानानेही त्यांची मनःस्थिती चांगली होती. जवळ बसलेल्या, हात हलवणाऱ्या शरीराचा परिणाम पडद्याहून वेगळा असतो, याला त्यामुळे आधार मिळाला. मात्र मुलांची संख्या लहान होती आणि सहवास थोड्या वेळाचा. आजार त्याने लवकर बरा होतो, असा अर्थ यातून निघत नाही.

वेदनेबाबतचा एक प्रयोग कॅनडातील कॅलगरी येथे झाला. फ्लूची लस टोचताना ‘नाओ’ या सुमारे 58 सेंमी उंचीच्या यंत्रमानवाने 4 ते 9 वर्षांच्या मुलांशी गप्पा मारल्या आणि खेळण्यावर फुंकर मारायला सांगितले. लक्ष दुसरीकडे वळते, शिवाय लांब श्वास सोडताना अंग सैल पडते. 57 मुलांच्या त्या अभ्यासात यंत्रमानव सोबत असलेल्यांना कमी दुखल्याचे आढळले. इटलीत मिलानच्या सान राफाएले रुग्णालयात हाच नाओ मधुमेही मुलांना आहार-इन्शुलिनचा हिशेब खेळातून शिकवण्यासाठी वापरला गेला.

वॉर्डात असे यंत्र आणताना संसर्गाचा विचार आधी करावा लागतो, कारण एका मुलाने कवटाळलेले अस्वल दुसऱ्याच्या खाटेवर जायचे असते. जपानी ‘पारो’ या, सील नावाच्या समुद्री प्राण्याच्या पिलासारख्या यंत्रमानवाची फर त्यासाठीच जंतुरोधक केलेली आहे.