दणका कमी, दम तोच

पुंगळी काढलेली बुलेट गल्लीतून गेली की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, "काय आवाज आहे!" दुसरा म्हणतो, "काय हा आवाज!" पण गाडीची ताकद वाढली असणार, याबद्दल दोन्ही तटांना सहसा शंका नसते. मोठा आवाज म्हणजे मोठा जोर, हे आपल्या कानांनी कधीच मान्य करून टाकलंय. इंजिनाला मात्र ते मान्य नाही.

याची खरी कसोटी लागते ती मातीतल्या शर्यतींत. मोटोक्रॉसची ४५० सीसीची डर्ट बाइक साधारण ११० किलोंची असते आणि पन्नासहून जास्त अश्वशक्ती देते. तुलनेसाठी आपल्याकडची एक्सपल्स २०० घ्या : वजन दीडशे किलोंच्या वर, ताकद एकोणीसच्या आसपास. इतकी ताकद एकाच सिलिंडरमधून काढायची, गाडी हलकी ठेवायची आणि वर आवाजही कमी करायचा, हे कोडं अमेरिकेत आणि युरोपात अनेक वर्षं सुटतंय, अडकतंय, पुन्हा सुटतंय. कारण तिथे ट्रॅक आणि जंगलवाटा बंद पडण्यामागे आसपासच्या लोकांची आवाजाची तक्रार हे एक मोठं कारण असतं. आवाज कमी तर जमीन जास्त, अशी घोषणाच अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनला द्यावी लागली. कॅलिफोर्नियात १९८६ पासून बनलेल्या डर्ट बाइकला ९६ डेसिबलची मर्यादा आहे. मोजमाप असं : गाडी उभी, सायलेन्सरच्या तोंडापासून ५० सेंटिमीटरवर ४५ अंशांत मायक्रोफोन, आणि इंजिन त्याच्या कमाल वेगाच्या साधारण निम्म्यावर.

मग आवाज कमी केला की ताकद जाते का? माझं उत्तर : जायलाच हवी असं नाही. शांततेची किंमत मोजावीच लागते, पण ती अश्वशक्तीत मोजायची की किलोंमध्ये, हे आपल्या हातात असतं. का, ते समजण्यासाठी बेंड पाइपात, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीत, शिरावं लागेल.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. तो पाइपात सुटतो तो एका ठोशासारखा. या ठोशात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि सगळा गोंधळ त्या एक समजण्यातून होतो. एक आहे प्रत्यक्ष जळका वायू, जो तुलनेने सावकाश पुढे सरकतो. दुसरी आहे दाबाची लाट, जी त्याच वायूतून ध्वनीच्या वेगाने पुढे पळते. गरम वायूत हा वेगही जास्त असतो : ५०० अंश सेल्सियसला सेकंदाला साधारण ५५० मीटर, आपल्या नेहमीच्या हवेतल्या ३४५ मीटरच्या दीडपटीहून अधिक. इंजिनाला वायू बाहेर जायला हवा असतो. शेजाऱ्याला त्रास देते ती लाट. वायूला वाट द्यायची आणि लाटेला अडवायचं, एवढंच सायलेन्सरचं काम.

पण लाट शेजाऱ्यापर्यंत पोचण्याआधी इंजिनासाठी एक काम करून जाते. पाइप जिथे संपतो किंवा एकदम रुंद होतो तिथून ती उलटी फिरते, आणि फिरताना तिचा स्वभाव बदलतो : जास्त दाबाची लाट कमी दाबाची होऊन परत येते. इंजिन ९००० आरपीएमवर (मिनिटाला ९००० फेरे) असेल तर त्याचा एक फेरा ६.७ मिलिसेकंदांत होतो. एक मीटर लांबीच्या पाइपातून लाटेला जाऊन परत यायला सुमारे ३.६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे अर्ध्या फेऱ्याहून थोडं जास्त. नेमक्या त्याच सुमारास पिस्टन वर आलेला असतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होण्याच्या बेतात आणि आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह नुकताच उघडू लागलेला. तेवढ्यात ही कमी दाबाची लाट येऊन पोचली, तर ती उरलेला धूर ओढून काढते आणि हवा-पेट्रोलचं ताजं मिश्रण आत खेचते. पाइपाची लांबी बदलली की लाटेच्या येण्याची वेळ बदलते आणि ताकद कोणत्या आरपीएमला मिळणार तेही बदलतं.

आता गॅरेजमधल्या एका लाडक्या सिद्धान्ताकडे वळू. इंजिनाला थोडं 'बॅक प्रेशर' लागतंच, नाहीतर पिकअप पडतो, असं अनेक मिस्त्री ठामपणे सांगतात. त्यांचा अनुभव खरा असतो, कारण चुकीचं असतं. फोर-स्ट्रोक इंजिनाला वायू बाहेर ढकलायला होणाऱ्या अडथळ्याचा काडीचा फायदा नसतो. मोकळा पाइप लावल्यावर खालचा पिकअप जातो तो लाटांचं वेळापत्रक बिघडल्यामुळे. शिवाय हवेचा प्रवाह बदलल्याने कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत मिश्रण पातळ होतं. अडथळा गेला म्हणून काही गेलं नाही. सोबत लाटही विस्कटली.

लाटेची ताकद ज्यांनी सगळ्यात नाट्यमय रीतीने दाखवली ते वॉल्टर काडन, पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचे अभियंते. १९५०च्या दशकात, सॅक्सनीतल्या त्शोपाउ गावात, तुटपुंज्या साधनांत त्यांनी टू-स्ट्रोक इंजिनाचा पाइप अक्षरशः ऐकायला सुरुवात केली. पाइपातले दाबाचे चढउतार ते ऑसिलोस्कोपवर बघत. अशा टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नसतात. ताजं मिश्रण आत येतं तेव्हा एक्झॉस्टचं दारही उघडंच असतं, त्यामुळे काही पेट्रोल न जळताच बाहेर पळतं. काडन यांच्या पाइपाचं पोट मध्ये फुगलेलं आणि शेवटी पुन्हा निमुळतं झालेलं असे. रुंदावणारा भाग कमी दाबाची लाट परत पाठवून सिलिंडर रिकामा करी. त्यामागोमाग निमुळत्या भागावर आपटलेली जास्त दाबाची लाट येई आणि पळू पाहणारं मिश्रण दार बंद व्हायच्या आत परत आत ढकली. १९६१पर्यंत त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने १०,८०० आरपीएमवर २५ अश्वशक्ती गाठली होती. म्हणजे लिटरमागे २००, सुपरचार्जर, म्हणजे हवा आत कोंबणारा पंप, न लावता. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर हे तंत्र घेऊन पश्चिमेकडे पळून गेला, आणि १९६२मध्ये सुझुकीच्या ५० सीसी गाडीवर तो जगज्जेता झाला. धातूच्या एका फुगीर नळीची जपानला झालेली ही निर्यात शीतयुद्धाच्या इतिहासात तळटीप असेल, पण आपल्याकडच्या आरएक्स १००पर्यंत टू-स्ट्रोकच्या पाइपाचा विचार याच वाटेने आला.

आपल्या विषयासाठी यातला धडा असा : टू-स्ट्रोकमध्ये ताकद फुगीर चेंबरमध्ये घडते. त्याच्या शेपटाची बारीक नळी मात्र आतला दाब ठरवते, म्हणून तिच्या व्यासाशी खेळलं तर पिस्टन तापून वितळू शकतो. त्यापुढचा सायलेन्सर लाटेचं काम उरकल्यानंतरचा असतो. तो लांब आणि शांत केला तरी ताकदीला फारसा धक्का बसत नाही. आरएक्सचा आतला जाळीदार नळकांडा एक स्क्रू काढून बाहेर ओढणारे मात्र नेमकं उलटं करतात. आवाज वाढतो आणि खालचा पिकअप बहुधा जातो.

डर्ट बाइकचं जग १९९८मध्ये बदललं. यामाहाची वायझेड ४००एफ आली, फोर-स्ट्रोक परत आले, आणि त्याच वर्षी डग हेन्रीने या गाडीवर अमेरिकेतली २५० वर्गाची मैदानी स्पर्धामालिका जिंकली. टू-स्ट्रोकचा किणकिणाट जाऊन ढब-ढब आली. फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांतून एकदा पेटतो. ९००० आरपीएमवर सेकंदाला ७५ ठोके. ७५ हर्ट्झ हा फार खालचा सूर आहे. शेजाऱ्यांचं दुर्दैव असं की हवा उंच सूर वाटेतच खाऊन टाकते, खालचे सूर दूरवर जाऊ देते, आणि ते भिंतीतूनही सहज आत येतात.

आणि नेमक्या याच सुरापुढे नेहमीचा सायलेन्सर हतबल असतो. शर्यतीच्या गाडीचा सायलेन्सर आतून अगदी साधा : मधोमध भोकाभोकांची सरळ नळी, भोवती ग्लासवूल, वर ॲल्युमिनियमचं किंवा टायटॅनियमचं कवच. वायू नळीतून सरळ निघून जातो, लाट भोकांतून तंतूंमध्ये शिरते आणि तिथल्या घर्षणाने तिची थोडी उष्णता होते. वाट सरळ असल्याने ताकद जवळजवळ जात नाही. फक्त, तीन-चार सेंटिमीटरच्या थराला उंच सूर गिळता येतात. ३००० हर्ट्झची लाट गरम वायूत १८ सेंटिमीटर लांब असते, ७५ हर्ट्झची सात मीटरांहून लांब. तेवढी लाट तेवढ्या थरात कशी मावणार?

खालच्या सुरांसाठी हवी असते जागा. सायलेन्सरचं आतलं आकारमान सिलिंडरच्या आकारमानाच्या निदान दहापट असावं, असा अभियंत्यांचा ढोबळ ठोकताळा आहे. ४५० सीसीसाठी साडेचार लिटर. ताकद न गमावता आवाज उतरवण्याचा हा सगळ्यात भरवशाचा मार्ग, आणि सगळ्यात नावडताही, कारण गाडीच्या शेपटीला मोठा डबा लटकवायला रेसर तयार नसतो. होंडाने २००६च्या सीआरएफ २५०आरला आणि २०१३च्या सीआरएफ ४५०आरला दोन-दोन सायलेन्सर दिले. जागा वाढली, वजन दोन्ही बाजूंना वाटलं गेलं. २०२१च्या ४५०आरमध्ये पुन्हा एकच सायलेन्सर आला आणि वजन उतरलं. किंमत किलोंमध्ये मोजावी लागते, असं मी वर म्हटलं ते हेच.

दुसरा मार्ग हुशारीचा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एकाच सुरात घुमते. तो सूर ठरतो बाटलीच्या पोटावर आणि मानेच्या लांबी-रुंदीवर. एकोणिसाव्या शतकात हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी याचं गणित मांडलं. अशी बाटली पाइपाच्या कडेला जोडली तर त्या सुराची लाट तिच्यात शिरून उलटी बाहेर येते आणि मूळ लाटेला मारते. वायूच्या वाटेत काहीच आडवं येत नाही. एफएमएफ या एक्झॉस्ट बनवणाऱ्या कंपनीच्या मेगाबॉम्ब बेंड पाइपावरचा फुगवटा किंवा केटीएमच्या पाइपांवरची छोटी कोठी याच तत्त्वावर आहेत. मर्यादा एकच : अशी कोठी तिच्या सुराच्या आसपासच काम करते, आणि इंजिनाचा सूर तर थ्रॉटलबरोबर सतत सरकत असतो.

तिसरा मार्ग स्वस्तातला : सायलेन्सरच्या तोंडात बारीक नळी ठोकणे. यात आवाज कमी होतो, पण इथे मात्र ताकद खरोखर जाते. व्यास दहा टक्के कमी केला की क्षेत्रफळ १९ टक्के घटतं. तेवढाच वायू तिथून जायचा तर त्याचा वेग वाढतो, आणि दाबाची हानी वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने ती जवळपास दीडपट होते. हळू चालवताना हे कळतही नाही, कमाल आरपीएमला गाडी गुदमरते. शांत सायलेन्सरने ताकद जाते, ही समजूत बहुतेक अशाच नळ्यांनी पसरवली आहे. जंगलवाटांसाठी लागणारी ठिणग्या अडवणारी जाळी मात्र पुरेशा मोठ्या क्षेत्रफळाची असेल तर तितकीशी नडत नाही.

डेसिबलचं गणितही डोक्यात ठेवायला हवं. तीन डेसिबल कमी म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी, पण कानाला तो फरक जेमतेम जाणवतो. कानाला निम्मा वाटायला साधारण दहा डेसिबल उतरावं लागतं. त्यात गाडीला तोंडं दोन. एअर फिल्टरच्या डब्यातून इनटेकची गुरगुर येते, आणि दोन्हीकडचा आवाज सारखाच असेल तर एक तोंड पूर्ण गप्प करूनही एकूण उतार फक्त तीन डेसिबल. डब्याचं झाकण कापून ठेवायचं आणि हजारो रुपयांचा शांत सायलेन्सर आणायचा, हा व्यवहार म्हणूनच आतबट्ट्याचा.

मीटरबद्दलही माझी एक तक्रार आहे. नियमांतलं मोजमाप 'ए' भारांकनाने होतं, म्हणजे कानाला कमी जाणवणारे खालचे सूर मीटर मुद्दाम कमी धरतं. ७५ हर्ट्झला वीस डेसिबलांहून अधिक सूट. त्यामुळे ९६ची परीक्षा पास झालेली फोर-स्ट्रोक दूरच्या घरात मात्र ढब-ढब ऐकवत राहू शकते. कायद्याच्या दृष्टीने गाडी शांत, त्या घरातल्या आजोबांच्या दृष्टीने नाही.

आपल्याकडे हिमालयन, एक्सपल्ससारख्या गाड्या मातीत नेणारे वाढलेत. या रस्त्यावरच्या गाड्या असल्याने त्यांना डर्ट बाइकचे नियम लागू नाहीत. नवी गाडी धावताना साडेसात मीटरवरून मोजली जाते, आणि १७५ सीसीच्या पुढे मर्यादा ८० डेसिबल. हे आकडे कॅलिफोर्नियाच्या ९६ला थेट लावू नयेत, अंतर आणि पद्धत दोन्ही वेगळी आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा कैद होऊ शकते, आणि जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडण्याचे कार्यक्रम राज्यातल्या अनेक शहरांत झालेत. बीएस-६ गाडीत धुरातलं प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही याच वाटेवर बसलेला असतो. बाजारातला सायलेन्सर लावून तिथे हाती लागते ती मुख्यतः वजनातली बचत. इंधनाचं मॅपिंग, म्हणजे केव्हा किती पेट्रोल सोडायचं याचं गणित, न बदलता ताकदीची मोठी अपेक्षा धरू नये.

गाडी पूर्वीपेक्षा मोठ्याने ओरडत असेल तर नवीन काही घ्यायच्या आधी जुनं उघडून बघावं. ग्लासवूल उष्णतेने आणि तेलकट धुराने हळूहळू जळून, उडून जातं. आवाज इतक्या सावकाश वाढतो की चालवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. शर्यतीच्या गाड्यांत ते नियमाने बदलतात, आणि रिव्हेट काढून नवं भरलेला जुना सायलेन्सर पुष्कळदा नव्याची गरजच उरू देत नाही. बेंड पाइप सिलिंडर हेडला जिथे भिडतो तिथलं गॅस्केटही बघा. तिथे काळी काजळी दिसली तर पाइप फुंकतोय. आवाज तर तिथून निसटतोच, पण कमी दाबाची लाट आली की त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सर फसतो आणि थ्रॉटल सोडल्यावर फटफट सुरू होते. त्या गॅस्केटची किंमत सायलेन्सरच्या मानाने किरकोळ असते.