मंडपाबाहेर ठेवलेला प्रश्न

धर्म, राजकारण आणि समाज यांबद्दल मराठीत कोणी स्वतःचे मत मांडू लागले की लवकरच एक सूचना येते: हे विषय एकमेकांत मिसळू नका. ही सूचना इतकी अंगवळणी पडली आहे की ती पूर्वापार चालत आल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तिचे वय सव्वाशे-दीडशे वर्षांहून फारसे जास्त नाही, आणि तिच्या मुळाशी तत्त्वापेक्षा सोय अधिक होती, असे मला कागदपत्रे वाचताना वाटत आले आहे.

त्याआधीच्या लेखकांना अशी वाटणी ठाऊकच नव्हती. गोपाळ हरी देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने 1848 पासून ‘प्रभाकर’मध्ये जी पत्रे लिहिली, त्यांत राज्य का गेले याचा विचार करताना ते भटशाहीवर येतात, तिथून विद्येकडे आणि विद्येवरून व्यापाराकडे वळतात. जोतीराव फुल्यांच्या लेखनात तर हे धागे सुटे करताच येत नाहीत. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतसारा, सरकारी कचेरीतला कारकून आणि वर्षभर या ना त्या निमित्ताने दक्षिणा उकळणारा पुरोहित हे तिघेही एकाच शेतकऱ्याच्या दारात उभे आहेत. त्यांतला कोणता धार्मिक, कोणता राजकीय आणि कोणता सामाजिक, हा प्रश्न त्या शेतकऱ्याला पडण्याचे कारण नव्हते.

वाटणी सुरू झाली ती राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, स्थापनेनंतर. डिसेंबर 1885 मध्ये मुंबईत 72 प्रतिनिधी जमले. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या अधिवेशनात अध्यक्ष दादाभाई नौरोजी यांनी भूमिका स्पष्ट केली की, सभेने साऱ्या राष्ट्राला समान असलेल्या राजकीय प्रश्नांपुरतेच बोलावे, कारण सामाजिक चालीरीती जातीजातींत आणि धर्माधर्मांत वेगळ्या आहेत. युक्तिवाद चुकीचा नव्हता. पारशी, मुसलमान आणि हिंदू एका व्यासपीठावर आणायचे तर दुसरी वाट सुचणेही कठीण होते. ज्या प्रश्नांना त्या व्यासपीठावर जागा उरली नाही त्यांच्यासाठी 1887 पासून, मुख्यतः न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने, सामाजिक परिषद भरू लागली. राष्ट्रीय सभेचे काम आटोपले की त्याच मंडपात ही परिषद भरे. खुर्च्या त्याच आणि बरीचशी माणसेही तीच असत.

पुण्यात मात्र या व्यवस्थेला तडे जात होते. टिळक आणि आगरकर 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणी, म्हणजे तिथल्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात, 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहिले होते. 1887 मध्ये आगरकर ‘केसरी’च्या संपादकपदावरून बाहेर पडले आणि 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. ‘इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार’ हा त्यांचा बाणा होता. ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ या वादाची सुरुवात पाठ्यपुस्तके इथूनच करतात. तो वाद खरा होता, पण त्याला आणखी एक पदर होता. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचे किमान वय, 10 वरून 12 वर आणले, तेव्हा टिळकांच्या विरोधाचा रोख मुख्यतः परकीय सरकारने कायद्याने आमच्या घरात शिरण्यावर होता. आगरकरांचे म्हणणे असे की, समाज आपण होऊन सुधारत नसेल तर बारा वर्षांच्या आतल्या मुलीने तोवर काय करायचे? या प्रश्नाचे नीट उत्तर ‘केसरी’च्या बाजूने आल्याचे मला कधी दिसले नाही.

त्या काळचे पुणे कसे होते, हे एका चहाच्या पेल्यावरून कळते. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. कोणी चहा घेतला, कोणी पेला हातात धरून तसाच खाली ठेवला. पुढे उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापून आली, तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचा वाद, उभे राहिले. पाहुण्यांत टिळकही होते आणि रानडेही. शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, आणि त्याबद्दल सनातन्यांपेक्षा त्यांच्याच सुधारक मित्रांनी त्यांना अधिक बोल लावले. सरकारी न्यायाधीशालाही एका पेल्याचा हिशेब चुकवावा लागतो, त्या शहरात धर्म ही खाजगी बाब आहे असे म्हणण्यात फारसा अर्थ नव्हता.

1895 मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन पुण्यात भरायचे ठरले आणि सामाजिक परिषदेला तिचा मंडप देऊ नये म्हणून चळवळ उभी राहिली. वाद वाढत गेला तशी रानड्यांनी माघार घेतली आणि परिषद दुसरीकडे भरवली. त्याच वर्षी जून महिन्यात आगरकर वारले होते. हा शेवटचा अंक त्यांना पाहावा लागला नाही.

या साऱ्या भांडणात जो पक्ष मंडपात कधी नव्हताच, त्याची नोंद सहसा होत नाही. फुले नोव्हेंबर 1890 मध्ये वारले, पण त्यांचा आक्षेप त्यापूर्वीच मांडून झाला होता: जातीने तुकडे पडलेल्या या देशात ‘एकमय लोक’ झाल्याखेरीज राष्ट्र कसले आणि राष्ट्रीय सभा तरी कोणाची? टिळक-आगरकर वादाची चर्चा करताना हा प्रश्न तळटीपेत ढकलला जातो, याचे मला आजही नवल वाटते.

तो तळटीपेतून वर काढला डॉ. आंबेडकरांनी. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी लिहिलेले भाषण आयोजकांनी रद्द केले, म्हणून 1936 मध्ये ते पुस्तकरूपाने छापले गेले. त्यात सुरुवातीलाच ते पुण्याच्या मंडपाची हकीकत आणि सामाजिक परिषदेने स्वतंत्र मंडप उभारल्यास तो जाळण्याची घातलेली धमकी सांगतात. मात्र परिषदेच्या बाजूने बोलून ते थांबत नाहीत. विधवाविवाह आणि बालविवाह हे उच्चवर्णीय कुटुंबाच्या सुधारणेचे प्रश्न होते, जातिव्यवस्था मोडण्याचा प्रश्न परिषदेने हाती घेतलाच नव्हता आणि म्हणूनच ती हरली, असे त्यांचे निदान आहे.

पुढे 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीतील अखेरच्या मोठ्या भाषणात त्यांनी हाच मुद्दा वेगळ्या शब्दांत मांडला: 26 जानेवारी 1950 पासून राजकारणात समता असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमताच राहील. दोन वर्षांच्या आत, हिंदू कोड बिल संसदेत रखडल्यावर, त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. विवाह, वारसा आणि स्त्रीचा हक्क हे सामाजिक परिषदेच्या ठरावांतले जुने विषय तोवर संसदेच्या कामकाजपत्रिकेवर येऊन पोहोचले होते.