भांडण फोनचं नसतंच

१९५६ साली जॅक ब्रेम या तरुण अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थिनींसमोर टोस्टर, कॉफी करायचं यंत्र, टेबललॅम्प, स्टॉपवॉच, छोटा रेडिओ अशा वस्तू मांडल्या होत्या. प्रत्येकीनं आवडीप्रमाणे प्रत्येक वस्तूला गुण द्यायचे होते. मग त्यांतल्या दोन वस्तू पुढे करून सांगितलं, यांतली एक तुमची, भेट म्हणून घेऊन जा. निवड झाली. थोड्या वेळानं पुन्हा एकदा गुण द्यायला सांगितलं. दरम्यान वस्तूंमध्ये काडीचाही बदल झालेला नव्हता. तरी घेतलेली वस्तू आधीपेक्षा छान वाटू लागली होती आणि सोडून दिलेली आधीपेक्षा सुमार. त्यातही दोन वस्तू सुरुवातीला तोडीस तोड असतील तर नंतर पडलेलं अंतर जास्त मोठं होतं.

फोनवरच्या ऑनलाइन वादात ‘अमुक फोन वापरणाऱ्यांना काही कळत नाही’ असं एखादं वाक्य वाचून कानशिलं तापतात तेव्हा मला हा प्रयोग आठवतो. दोन फोन जवळपास सारखे असतात. आपण तीन आठवडे रिव्ह्यू पाहतो, रॅम आणि कॅमेऱ्याची तुलना करतो, कुठल्याशा बारीक कारणानं एक घेतो. घेतल्यावर आठवडाभरात दुसऱ्या फोनचा कॅमेरा ‘कृत्रिम रंगांचा’ वाटायला लागतो. परवापर्यंत तोच सरस होता. ब्रेमचे गुरू लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये याचं कारण सविस्तर मांडलं. ‘मी विचार करून निवडणारा माणूस आहे’ आणि ‘मी निवडलेली वस्तू डावी आहे’ ही दोन वाक्यं एका डोक्यात सुखानं नांदत नाहीत. एकाला बदलावं लागतं. स्वतःबद्दलचं मत बदलण्यापेक्षा कॅमेऱ्याबद्दलचं बदलणं फार सोपं.

हे आपण मुद्दाम करत नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २००१ मध्ये मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी असाच प्रयोग नव्या आठवणी टिकवता न येणाऱ्या (ॲम्नेशियाच्या) रुग्णांवर केला. त्यांना चित्रं दाखवून त्यांतली निवडायला सांगितलं. थोड्या वेळानं आपण काय निवडलं होतं हे त्यांना आठवत नव्हतं. तरीही निवडलेल्या चित्रांकडे त्यांचा कल वाढलेला होता. म्हणजे बाजू घेण्यासाठी आपण कुठली बाजू घेतली होती हे आठवण्याचीसुद्धा गरज नसते. म्हणून समोरच्याला ‘तू स्वतःला फसवतो आहेस’ असं म्हणणं निरर्थक आहे. फसवणूक त्याच्या नजरेआड घडलेली असते, आणि आपली आपल्या.

यात भर पडते ती कंपनीची. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शर्ली चेंग, टिफनी व्हाइट आणि लॅन चॅप्लिन या संशोधकांनी दाखवलं, की ज्यांचं एखाद्या ब्रँडशी जवळचं नातं जुळलेलं असतं, त्यांना त्या ब्रँडच्या अपयशाची बातमी वाचल्यावर स्वतःबद्दलच कमी वाटायला लागतं. ब्रँडबद्दलचं त्यांचं मत मात्र ढळत नाही. घाव स्वतःवर झेलायचा, पण ब्रँडला लागू द्यायचा नाही. ॲपलनं १९९८ मध्ये न्यूटन हे हातात धरायचं यंत्र बंद केलं. कंपनीनं वाऱ्यावर सोडल्यावरही वापरणाऱ्यांचा एक समुदाय कित्येक वर्षं ते जपत, दुरुस्त करत, त्याच्या कहाण्या सांगत राहिला. तिथे विकणाराच उरला नव्हता, म्हणजे जाहिरातीचा प्रश्नच नाही. ती निष्ठा सर्वस्वी वापरणाऱ्यांची होती.

आणि निष्ठेचा गट व्हायला फार काही लागत नाही. हेन्री ताइफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांना पडद्यावरचे ठिपके मोजायला लावले आणि त्यांचे दोन गट पाडले. गट खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखे, वाटेल तसे केलेले होते. मुलांना आपल्या गटात कोण आहे हेही माहीत नव्हतं. तरी पैसे वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, इथवर ठीक. पण अनेकांनी आपल्या गटाला एकूण कमी मिळालं तरी चालेल, पण समोरच्यापेक्षा जास्त मिळायला हवं, अशी वाटणी केली. एकमेकांचे चेहरेही न पाहिलेली माणसं रात्री दोन वाजता प्रोसेसरवरून हमरीतुमरीवर का येतात, याचं उत्तर यात बरंचसं आहे.

सामाजिक प्रश्नांवरच्या वादात हीच यंत्रणा अधिक जोरानं फिरते. स्टॅनफर्डमध्ये चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४८ विद्यार्थी होते. निम्मे फाशीच्या शिक्षेच्या बाजूचे, निम्मे विरोधातले. सगळ्यांना तेच दोन अभ्यास वाचायला दिले. एकाचा निष्कर्ष होता की फाशीमुळे गुन्ह्यांना आळा बसतो, दुसऱ्याचा की बसत नाही. दोन्हीकडचा पुरावा वाचून मतं मध्याकडे सरकायला हवी होती. झालं उलट. आपल्याला न पटणाऱ्या अभ्यासातल्या त्रुटी प्रत्येकाला बरोबर दिसल्या, पटणाऱ्यातल्या निसटल्या, आणि वाचून झाल्यावर दोन्ही बाजू आपापल्या मतावर आधीपेक्षा ठाम असल्याचं सांगत होत्या.

फोनची गोष्ट वेगळी आहे असं आपल्याला वाटतं. बॅटरी मोजता येते, प्रोसेसरचा वेग मोजता येतो, हातच्या काकणाला आरसा कशाला? २०१७ चं उदाहरण घेऊ. जुने आयफोन हळू होतात अशी तक्रार अनेक वर्षं चालू होती. एक बाजू म्हणायची, कंपनी नवे फोन खपवण्यासाठी जुने मुद्दाम मंद करते. दुसरी म्हणायची, हा तुमच्या मनाचा खेळ आहे. डिसेंबर २०१७ मध्ये, फोनचा वेग मोजणारं ‘गीकबेंच’ हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जॉन पूल यांनी वेगाच्या चाचण्यांचे आलेख प्रसिद्ध केले. त्यांत विशिष्ट अपडेटनंतर काही फोन ठरावीक पायऱ्यांनी मंद झालेले दिसत होते. दोनच दिवसांत ॲपलनं मान्य केलं, की बॅटरी जुनी झालेल्या फोनांचा कमाल वेग आपण कमी करतो. महिनाअखेरीस कंपनीनं माफी मागितली.

वाद इथे मिटायला हवा होता. पण ‘बघा, आम्ही म्हणत होतो’ आणि ‘बघा, फोन अचानक बंद पडू नये म्हणून केलं’ अशा दोन नव्या आरोळ्या सुरू झाल्या. माझ्या मते या सगळ्या गदारोळात हरवली ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तेव्हा तिची साठवण तर घटतेच, शिवाय तिचा अंतर्गत रोधही, म्हणजे आतून विजेला होणारा अडथळाही, वाढतो. प्रोसेसर कधीकधी क्षणभर एकदम जास्त विद्युतप्रवाह मागतो. रोध वाढलेल्या बॅटरीतून तो खेचला की व्होल्टेज झपकन खाली येतं. थंडीत किंवा चार्ज कमी असताना आणखीच. ठरावीक पातळीखाली गेलं की फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो, पडद्यावर २० टक्के दिसत असले तरी. कमाल वेग कमी केला की मागणीचा तो झटका टळतो. म्हणजे तांत्रिक कारण खरं होतं. आणि ते वापरणाऱ्याला नीट सांगितलं नव्हतं, बॅटरी बदलली की वेग परत येतो हेही कळू दिलं नव्हतं, हा दोषही तितकाच खरा होता. दोन्ही वाक्यं एकत्र बोलायला कुठल्याच गटात जागा नव्हती.

‘कसं?’ हा प्रश्न विचारला की काय होतं, यावर एक सुंदर संशोधन आहे. येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ मध्ये लोकांना विचारलं, कपड्याची चेन कशी लागते किंवा शौचालयाचा फ्लश कसा चालतो हे तुम्हाला किती कळतं? लोकांनी स्वतःला चांगले गुण दिले. मग पायरीपायरीनं समजावून सांगायला लावलं, आणि त्यांनी स्वतःच ते गुण कमी केले. २०१३ मध्ये फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी हाच डाव राजकीय धोरणांवर खेळून पाहिला. ‘या धोरणाला तुमचा पाठिंबा का?’ असं विचारलं तर लोक होते तिथेच राहिले. ‘हे धोरण नेमकं कसं काम करेल, पायरीपायरीनं सांगा’ म्हटल्यावर त्यांचा आत्मविश्वास उतरला आणि मतांची टोकं बोथट झाली. पुढे सगळ्याच प्रयोगांत एवढा ठळक परिणाम दिसलेला नाही. तरी ‘का’ माणसाला वकील बनवतो आणि ‘कसं’ त्याला थोडा वेळ कारागीर बनवतो, असा माझा अनुभव आहे.

आता माध्यमाबद्दल. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं, की ईमेलमधला उपरोध समोरच्याला ७८ टक्के वेळा कळेल असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात कळला ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडाच बरा. लिहिताना आपल्या डोक्यात आपला सूर वाजत असतो, आणि तो अक्षरांबरोबर जात नाही. २०१७ मध्ये एप्ली, ज्युलिआना श्रोडर आणि मायकेल कार्डास यांना आढळलं, की आपल्याशी असहमत असलेल्या माणसाचं म्हणणं नुसतं वाचलं तर तो जास्त अविचारी, कमी माणूस वाटतो. तेच म्हणणं त्याच्या आवाजात ऐकलं तर तसं कमी वाटतं. शब्द तेच.

मग येतो मोबदला. विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये बंदुकांवरचं नियंत्रण, समलिंगी विवाह आणि हवामानबदल या विषयांवरचे पाच लाखांहून अधिक ट्वीट तपासले. नैतिक आणि भावनिक धार असलेला प्रत्येक शब्द संदेशाचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढवत होता. २०२१ च्या पुढच्या अभ्यासात ७,३३१ जणांचे १ कोटी २७ लाख ट्वीट होते. ज्याला संतापाबद्दल जास्त लाइक मिळाले, तो पुढे जास्त संतापून लिहू लागला. मला सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष पुढचा आहे. मवाळ लोकांच्या वर्तुळात वावरणाऱ्यांवर या लाइकचा परिणाम जास्त होत होता. जहाल मंडळी आधीच भरपूर संतापलेली होती.

यावरून समाजच बिघडला आहे असा निष्कर्ष काढायची घाई मला करावीशी वाटत नाही. प्यू संशोधन केंद्रानं २०२१ मध्ये मोजलं, तेव्हा अमेरिकेतल्या प्रौढ ट्विटर-वापरकर्त्यांपैकी एक चतुर्थांश लोक ९७ टक्के ट्वीट लिहीत होते. आपण ज्याला जनमत म्हणतो तो बऱ्याचदा मूठभरांचा आवाज असतो. डेन्मार्कमधल्या आर्हस विद्यापीठाचे अलेक्झांडर बोर आणि मिखाएल बँग पीटरसन यांनी २०२२ मध्ये दाखवलं, की राजकीय वादात ऑनलाइन आक्रमक असणारी माणसं प्रत्यक्षातही तशीच असतात. ऑनलाइन ती जास्त जणांना दिसतात, एवढंच. दुसऱ्या बाजूनं, स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये नोंदवलं, की मूड खराब असेल आणि आधीच्या कमेंटही विखारी असतील, तर सामान्य माणसंही ट्रोलसारखं लिहू लागतात. दोन्ही निष्कर्ष एकत्र खरे असायला हरकत नाही. काहींचा तो स्वभाव असतो, बाकीच्यांचा तो दिवस वाईट असतो.

मग वाद घालावा का? न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहणं ती वितंडा. मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द रुळला, ‘जल्प’ रुळला नाही. खरं तर रोज घडतो तो जल्प. कॉर्नेलच्या चेनहाओ टॅन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये, लोक ‘माझं मत बदलून दाखवा’ म्हणून स्वतःहून पुढे येतात अशा हजारो चर्चा तपासल्या. एकाच माणसाशी चार-पाच फेऱ्या झाल्यानंतर मत बदलण्याची शक्यता जवळपास संपते. समोरच्याचेच शब्द उलटवणाऱ्यांपेक्षा नवे शब्द, नवा मुद्दा आणणारे जास्त यशस्वी होतात. ‘कदाचित’, ‘बहुधा’ असं लिहिणारेही. आणि एमिली व्रागा व लेटिशिया बोडी यांचे प्रयोग सांगतात, की चुकीची माहिती दुरुस्त करणारं उत्तर बाजूला उभं राहून वाचणाऱ्यांचा गैरसमज कमी करतं. ज्याला उत्तर दिलं त्याच्यासाठी पालथ्या घड्यावर पाणी असेल, पण आजूबाजूला बरेच घडे सुलटे असतात.

अलीकडेच मी अशा एका वादात होतो. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून फोनसारख्या उपकरणांची बॅटरी, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता यायला हवी. एक गृहस्थ म्हणत होते, यानं फोनची पाण्यापासूनची सुरक्षितता जाईल. दुसरे म्हणत होते, ही कंपन्यांच्या लोभाची सबब आहे. दोघांची तिसरी फेरी चालू होती, भाषा घसरत होती. मी एवढंच विचारलं, की आत पाणी जाऊ नये म्हणून नेमकं काय बसवलेलं असतं? पहिल्यानं कडेच्या गोंदाबद्दल लिहिलं. दुसरा दुरुस्तीचं काम करणारा निघाला. त्यानं लिहिलं की तो गोंद उष्णतेनं मऊ करावा लागतो, आणि उघडल्यावर पट्टी नवीन बसवली नाही तर पहिल्याचं म्हणणं बरोबर आहे. तिसऱ्या कुणीतरी सांगितलं, की २०२४ च्या काही आयफोनमध्ये बॅटरी धरणारा गोंद ९ व्होल्टची साधी बॅटरी जोडली की सुटतो. त्यावर पहिल्या गृहस्थांनी विचारलं, ‘वीज दिल्यावर गोंद सुटतो म्हणजे आत नेमकं काय होतं?’ त्याचं उत्तर आम्ही चौघंही अजून शोधतो आहोत.